थारोळ्यापासून टाकीपर्यंत : माळव्यातल्या विहिरीच्या पाण्याचा जोर

गणेशपूजनात मूर्तीच्या आधी कलशाची पूजा होते. वरुणाचे आवाहन होते, सात नद्यांची नावे घेतली जातात. त्या सात नावांत गोदावरी आहे आणि नर्मदाही आहे. इंदूरच्या मराठी घरांना हे दोन शब्द एका दमात उच्चारताना वेगळे सुख वाटत असणार. एक नदी पूर्वजांच्या मुलखातली, दुसरी आपल्या आजच्या नळातली. पण खरे पाहिले तर दोनशे वर्षांहून अधिक काळ आपल्या घरांतल्या कलशात पाणी आले ते या दोन्हींपैकी एकाही नदीचे नव्हे. ते आले परसातल्या, वाड्यातल्या, नाहीतर मळ्यातल्या विहिरीचे.

त्या विहिरीविषयी आपण स्मरणिकांतून पुष्कळ लिहितो. कोणी बांधली, कोणाच्या नावे दान केली, तिच्यावर शिलालेख आहे की नाही, हे सारे येते. तिचे पाणी घरापर्यंत कसे यायचे आणि किती जोराने यायचे, हे मात्र कोणी लिहीत नाही. सरकारी नोकरीत खेड्यांच्या पाण्याच्या कामी फिरताना आम्हाला सर्वाधिक ऐकू येणारी तक्रार हीच असते : “विहिरीला पाणी आहे, मोटर चालते, पण नळाला जोर नाही.” या तक्रारीचे उत्तर बहुतेकांना बाजारात, म्हणजे मोठ्या मोटरीत दिसते. आमच्या मते ते इतिहासात अधिक स्पष्ट दिसते. म्हणून यंदाच्या अंकासाठी हा विषय.

मोट आणि थारोळे

मल्हारराव होळकरांच्या मागोमाग अठराव्या शतकात मराठी कुटुंबे माळव्यात येऊ लागली. होळकरांकडे इंदूर, पवारांकडे धार आणि देवास, शिंद्यांकडे उज्जैन अशी या भूमीची वाटणी झाली. आलेल्या लोकांना इथली जमीन अनोळखी वाटली नसावी. काळी माती, तिच्याखाली मुरूम, मुरुमाखाली काळा पत्थर. देशावर जे आहे तेच इथे आहे, कारण दख्खनचा लाव्हारसाचा खडक थेट माळव्यापर्यंत पसरलेला आहे. खडक तोच म्हणून विहीरही तशीच : रुंद तोंडाची, दगडी बांधणीची, मुरमातून पाझरणारे पाणी साठवून ठेवणारी. आणि पाणी काढायचे साधनही तेच. आपण त्याला मोट म्हणतो, माळवी शेतकरी चडस म्हणतो.

मोट आता पाहायला मिळत नाही, म्हणून तिचे काम थोडक्यात सांगतो. कातड्याची मोठी पखाल, तिला खाली सोंड. वरचा जाड दोर तो नाडा आणि सोंडेला बांधलेला बारीक दोर तो सोंदूर. बैल विहिरीपासून दूर चालत जात ती वाट, म्हणजे धाव, मुद्दाम उतरती ठेवलेली असे. त्यामुळे ओढण्याच्या कामात बैलांचे वजनही कामी येई. मोट वर आली की सोंडेतून पाणी थारोळ्यात पडे. थारोळे म्हणजे विहिरीच्या काठावरचे दगडी कुंड. तिथून पाटाने ते मळ्यात जाई.

या सगळ्या मांडणीत सर्वांत शहाणपणाची वस्तू कोणती, असे कोणी विचारले तर आम्ही थारोळे म्हणू. थारोळे नेहमी भोवतालच्या जमिनीहून उंच असे. बैलांची मेहनत एकदाच, पाणी उंचावर नेण्यापुरती. त्यापुढचे काम उतार करी. शेताच्या टोकाला पाणी पोचत नसेल तर जाणता शेतकरी बैलांची दुसरी जोडी जुंपत नसे. तो थारोळ्याची उंची आणि पाटाचा उतार तपासत असे. पाण्याचा जोर उंचीतून येतो, हे त्याला कोणत्याही पदविकेशिवाय ठाऊक होते.

आज आपण ज्याला ओव्हरहेड टाकी म्हणतो ती या थारोळ्याचीच नात. हिशेबही सोपा आहे. पाण्याची दहा मीटर उंची म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो दाब. टाकीतल्या पाण्याची पातळी नळाच्या तीन मीटर वर असेल तर दाब त्याच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाइतका. टाकी पाचशे लिटरची आहे की पाच हजारांची, याने दाबात काही फरक पडत नाही. फरक पडतो तो फक्त उंचीने.

उच्छ्वास : पाण्याला श्वास घेऊ देणे

उंचीचे हे गणित मराठी राज्यात सर्वांत मोठ्या प्रमाणावर मांडले गेले ते पुण्यात. नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दीत, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या डोंगरपायथ्याशी पाणी अडवून ते जमिनीखालच्या दगडी नळाने शनिवारवाड्यापर्यंत आणले गेले. नळ म्हटले तरी काही ठिकाणी माणूस आतून चालत जाईल एवढा तो मोठा. कुठेही यंत्र नाही, बैल नाही. कात्रज उंच आणि पुणे सखल, एवढ्याच भांडवलावर पाणी काही कोस चालत आले आणि पेठांपेठांतल्या हौदांत पडले.

या नळावर ठरावीक अंतराने उंच चौकोनी बांधकामे होती. त्यांना उच्छ्वास म्हणत. शब्द किती नेमका आहे पाहा. बंद वाटेने पाणी धावते तेव्हा त्यात हवा कोंडते, आणि कोंडलेली हवा पाण्याची वाट अडवते. कुठे दाब जास्त साचला तर बांधकाम फुटते. उच्छ्वासातून हवा निघून जाई, दाब बेताचा राही, आणि गाळ बसायला व तो काढायला जागा मिळे. आज खेड्यातल्या घरात टाकीपासून निघालेला पाइप मध्येच वर चढून पुन्हा खाली उतरतो, तिथल्या कमानीत हवा अडकते आणि नळ खोकत खोकत चालतो. टाकीतून निघाल्याबरोबर पाइपाला एक उघडी उभी नळी टाकीच्या वर काढून दिली की खोकला बहुधा थांबतो. प्लंबर तिला एअर पाइप म्हणतो. पेशव्यांचे कारागीर उच्छ्वास म्हणत.

हे ज्ञान एकट्या पुण्याचे नव्हते. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने जमिनीखालून नहर आणली. तिथल्या पाणचक्कीला डोंगरातल्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून येई आणि वाटेतल्या उंच खांबांत चढून, दाब सांभाळत, पुढे जाई. आणि आपल्या मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूरला तर विहिरींचीच अशी व्यवस्था आहे. अब्दुर्रहीम खानखाना तिथे सुभेदार असतानाच्या काळात, १६१५ साली, एका इराणी जाणकाराच्या सल्ल्याने सातपुड्याच्या पायथ्याचे भूजल अडवून कुंडी भंडारा उभा राहिला. शंभराहून अधिक विहिरींसारख्या कुंड्या, आणि त्या सर्वांना आतून जोडणारा एक बोगदा. वरून पाहिले तर विहिरींची रांग, आतून पाहिले तर एक संथ भूमिगत ओढा. उतार असा साधलेला की पाणी न उपसता गावाकडे चालत येते. विहिरीचे पाणी म्हणजे ओढूनच काढायचे, असे मानणाऱ्याने एकदा बुऱ्हाणपूरला जाऊन यावे. इंदूरहून सकाळी निघालेला माणूस रात्री घरी परत येतो.

पुण्याच्या हौदांबद्दल एक गोष्ट विशेष नोंदवण्यासारखी. नळ वाड्यापर्यंत गेला, पण वाटेतले हौद गावाचे राहिले. उंचीतून मिळालेला जोर एका वाड्याने पिऊन टाकला नाही. पुढच्या सगळ्या विवेचनात वाचकांनी एवढे लक्षात ठेवावे.

ओढणे आणि ढकलणे

विसाव्या शतकात विहिरीवर यंत्र आले. आपल्या आजी-आजोबांच्या घरी ‘किर्लोस्कर’ मासिक येत असे. ते ज्या नावाने निघे त्याच लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातल्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली आणि नांगरानंतर तिथे पंपही तयार होऊ लागले. पुढे देवासलाही किर्लोस्करांचा पंपांचा कारखाना निघाला आणि माळव्यातल्या कितीतरी विहिरींवर त्याच भागात बनलेला पंप बसला. प्रथम तेलाच्या इंजिनाने, मग गावात वीज आल्यावर मोटरीने. नाडा-सोंदूर माळ्यावर गेले आणि धावेवर गवत उगवले.

पंपाबरोबर एक नवी अडचणही आली. ती मोटेला कधीच नव्हती. विहिरीच्या काठावर ठेवलेला पंप पाणी ‘ओढतो’ असे आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात तो नळीतली हवा कमी करतो आणि बाहेरची हवा पाण्याला वर ढकलते. इटलीतल्या पंपवाल्यांना हे कोडे सतराव्या शतकात पडले होते. सुमारे दहा मीटरपलीकडे पाणी चढतच नाही, पंप कितीही चांगला असला तरी! गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात हे नोंदवले आणि थोड्याच वर्षांत त्याचा शिष्य टॉरिचेली याने हवेच्या वजनाने त्याचा उलगडा केला. समुद्रसपाटीला ही मर्यादा दहा मीटरच्या किंचित वर आहे. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच, म्हणून इथली हवा थोडी हलकी. कागदावरच ही मर्यादा साडेनऊ मीटरच्या आसपास येते. पाइपातले घर्षण, फूट व्हॉल्व्ह, उन्हाळ्यातले कोमट पाणी हे सगळे वजा केले तर हातात सहा-सात मीटर उरतात. पंपापासून पाण्यापर्यंत वीस-बावीस फूट. त्याखाली पाणी गेले की काठावरचा पंप दोन एचपीचा असो की पाच, त्याला काही जमत नाही.

यावर तोड एकच : ओढू नका, खालून ढकला. काठावरचा पंप विहिरीतच पायरी करून खाली नेणारे शेतकरी हेच करत होते. सबमर्सिबल मोटर हेच करते. आणि गावोगावचा हातपंपही हेच करतो. या हातपंपाच्या इतिहासात महाराष्ट्राचा मोठा वाटा आहे आणि तो फारसा कोणाला माहीत नाही. कठीण खडकात बोअर खणायची यंत्रे आली, तेव्हा त्यांवर बसवलेले ओतीव लोखंडाचे घरगुती धाटणीचे पंप गावभराच्या वापराने भराभर मोडत. जालना आणि सोलापूर इथल्या मिशनच्या लोकांनी पोलादी, मजबूत पंप घडवले. त्या घडणीवरून १९७० च्या दशकात युनिसेफच्या मदतीने ‘इंडिया मार्क दोन’ हा पंप तयार झाला. त्याचा सिलिंडर खाली पाण्यात असतो, म्हणून तो चाळीस-पंचेचाळीस मीटरवरूनही पाणी वर आणतो. आफ्रिकेतल्या खेड्यांतही तो पोचला.

ढकलण्याची ही शक्ती हाती आल्यावर खोलीची भीती गेली. विहिरीत पाणी नाही? बोअर करा. दोनशे फुटांना नाही? चारशेला पाहा. माळव्यात सोयाबीन आले, त्यामागून ओलिताचा गहू वाढला, आणि उपसा त्याच्याही पुढे धावला. इथला खडक मात्र तोच राहिला. त्याचे पाणी मुख्यतः वरच्या मुरमात आणि भेगांत असते. खाली जावे तसा पाण्याचा भरवसा कमी होत जातो.

विहीर आणि बोअर यांतला एक फरक आकड्यांत सांगतो. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत दर मीटर खोलीला सुमारे २८ हजार लिटर पाणी मावते. सहा इंची बोअरमध्ये दर मीटरला सुमारे १८ लिटर. विहीर ही तिजोरी आहे, बोअर ही चावी. चाव्या वाढवल्याने तिजोरीतले धन वाढत नाही. रात्रभर पाझरून भरलेली विहीर सकाळी तासभर भरपूर पाणी देऊ शकते. तेवढाच पाझर असलेले बोअर दहा मिनिटांत हवा फेकू लागते, आणि घरमालक म्हणतो, जोर गेला.

शहराचा नळ आणि झाकलेल्या विहिरी

इंदूर शहराची कहाणी याच वाटेने गेली. होळकरांच्या निमंत्रणावरून आलेल्या पॅट्रिक गेडिस यांनी १९१८ साली शहराच्या रचनेवर दोन खंडांचा अहवाल दिला. नद्या, तलाव, बागा आणि स्वच्छता यांचा एकत्र विचार त्यांत होता. बिलावली, सिरपूर, पिपल्यापाला हे तलाव शहराला आधार देत होते. यशवंतराव होळकर दुसरे यांच्या काळात गंभीर नदीवर यशवंत सागर झाला आणि नळाचे पाणी अधिक घरांत पोचले. तरीही शहर वाढतच गेले आणि पाणी अपुरे पडत गेले. १९७० साली नर्मदेच्या पाण्यासाठी इंदूरकरांनी आंदोलन केले आणि १९७८ मध्ये ते पाणी शहरात आले.

नर्मदेचे पाणी म्हणजे आजच्या काळातली कात्रजची उलटी वाट. नदी खाली निमाडात, आपण वर माळव्याच्या पठारावर. जलूदहून पाणी टप्प्याटप्प्याने शेकडो मीटर चढवून घाटमाथ्यावर वांचू पॉइंटला आणावे लागते. तिथून पुढे मात्र उतार त्याला शहराकडे आणतो. म्हणजे इथेही तेच : आधी उंचीवर न्या, मग उताराला काम करू द्या. फरक एवढाच की कात्रजला उंची निसर्गाने फुकट दिली होती, आणि आपण ती दर तासाला विजेचे बिल भरून विकत घेतो.

नळ आला आणि विहिरी मागे पडल्या. काही बुजल्या, काहींत कचरा गेला, काहींवर फरशी टाकून वरची जागा वापरात आली. त्याची किंमत या शहराने ३० मार्च २०२३ रोजी मोजली. रामनवमीच्या हवनाच्या वेळी बेलेश्वर महादेव मंदिरात जुन्या बावडीवरची स्लॅब खचली आणि ३६ माणसे दगावली. त्या दुःखाची चर्चा इथे करायची नाही. पण आपल्या पायाखाली काय आहे हे विसरणारे गाव किती धोक्यात असते, एवढे त्या दिवसाने सगळ्यांना दाखवले. अहिल्यादेवींच्या जन्माला २०२५ साली तीनशे वर्षे झाली. देशभर विहिरी आणि बावड्या बांधणाऱ्या त्या राणीच्या नगरीत तरी विहीर ही अडचणीची जागा मानली जाऊ नये.

देवासचे उदाहरणही आपल्या शेजारचेच. एके काळी त्या शहराला रेल्वेने पाणी पुरवावे लागले. पुढे २००६ पासून तत्कालीन जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी आपापल्या शेतात तळी खणली आणि काही वर्षांत त्यांची संख्या हजारांवर गेली. बोअरच्या कर्जात बुडालेला शेतकरी तळ्यासाठी पैसा घालायला तयार झाला, कारण पाणी वर साठवणे हे खालून उपसण्यापेक्षा स्वस्त, हे त्याला आकड्यांनी पटले. थारोळ्याचेच शहाणपण वेगळ्या रूपात परत आले.

आजच्या घरासाठी

आपल्यापैकी अनेकांची इंदूरच्या आसपास, देवास-धार-उज्जैनकडे किंवा निमाडात वडिलोपार्जित घरे आहेत. सुट्टीत मुले-नातवंडे जातात आणि पहिली तक्रार न्हाणीघरातून येते. अशाच एका घरी आम्हाला विचारणा झाली : “साहेब, दीडची मोटर आहे, तीनची टाकू का?” पाहिले तर टाकी न्हाणीघराच्या बुटक्या छतावर, म्हणजे नळाच्या डोक्यावर जेमतेम दीड मीटर. पाइप अर्ध्या इंची, जुना, आतून गंजाने निम्मा भरलेला. मोटर आपले काम चोख करत होती. पाणी टाकीत वेळेवर चढत होते. टाकीतून खाली येताना जोर हरवत होता, आणि त्या वाटेवर मोटरीचा काही संबंधच नव्हता. टाकी जिन्याच्या छतावर गेली, मुख्य पाइप एक इंची झाला, आणि जुन्या मोटरीवरच तक्रार मिटली.

अशा घरांसाठी इतिहासातून निघणारे नियम चारच आहेत.

पहिला, उंची. टाकी जितकी उंच तितका जोर. देशातल्या नगर पाणीपुरवठ्याच्या १९९९ च्या नियमपुस्तिकेत एकमजली घरासाठी ७ मीटर आणि दुमजलीसाठी १२ मीटर दाबाची अपेक्षा धरली होती. खेड्यातल्या घरात ७ मीटर उंचीची टाकी सहसा जमत नाही, पण दीडाचे चार मीटर केले तरी फरक डोळ्यांना दिसतो. उंच टाकीचा पाया आणि भिंत ते वजन पेलतील का, हे मात्र गवंड्याला आधी विचारावे. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन.

दुसरा, वाट. पाइपाचा व्यास निम्मा केला तर तेवढ्याच प्रवाहासाठी घर्षणात खर्च होणारा जोर दुप्पट होत नाही, तो सुमारे बत्तीस पट होतो. म्हणून टाकीपासून घरापर्यंत मोठा पाइप आणि शेवटच्या हातभर अंतरात लहान. वळणे कमी, चढउतार नकोत, हवा जायला उच्छ्वास हवा. जुना गंजका लोखंडी पाइप बदलणे हे नव्या मोटरीपेक्षा बहुधा अधिक उपयोगी.

तिसरा, साठा. विहीर असेल तर ती जपा. गाळ काढा, कठडा बांधा, जाळी बसवा. बोअरचे पाणी आधी जमिनीलगतच्या टाकीत हळूहळू साठू द्या आणि तिथून वर चढवा, म्हणजे बोअरला दम घ्यायला वेळ मिळतो. उंची करणे अशक्यच असेल तर घरातल्या टाकीवर छोटा प्रेशर पंप आणि दाबाची टाकी बसवता येते. पण वीज गेली की तो जोरही जातो, हे लक्षात ठेवावे.

चौथा नियम सर्वांत महत्त्वाचा, आणि तो यंत्राचा नाही. १५ ऑगस्ट २०१९ ला जल जीवन मिशन जाहीर झाले आणि गावागावांत माणशी रोज ५५ लिटरच्या हिशेबाने नळ येऊ लागले. बऱ्याच गावांत या नळाचा उगम म्हणजे गावचीच विहीर किंवा बोअर, आणि जोर म्हणजे गावच्या टाकीची उंची. ती उंची सगळ्यांची असते. अशा नळाला एखादे घर थेट मोटर लावते तेव्हा त्याच्या नळाला जोर येतो तो शेजाऱ्याच्या नळातला काढून घेतलेला असतो. मग शेजारी मोटर लावतो, मग तिसरा, आणि गल्लीच्या टोकाच्या घरात हंडा रिकामा राहतो. शिवाय ओढ बसलेल्या नळात फटींतून बाहेरची घाण आत येते, ती सगळ्यांच्याच पोटात जाते. म्हणून गावच्या नळाचे पाणी आधी आपोआप आपल्या खालच्या टाकीत पडू द्यावे आणि मोटर त्या टाकीवर लावावी. जोर आपला, पण शेजाऱ्याला धक्का नाही.

पुण्याच्या पेठांतले हौद याच समजुतीवर चालले. नळ वाड्यासाठी निघाला असला तरी वाटेत पाणी भरणाऱ्या बाईचा हंडा रिकामा जाऊ नये, ही ती समजूत. विहिरीचे पाणी जमिनीखाली कुठल्याच सातबाऱ्याची हद्द मानत नाही. आपले बोअर शेजाऱ्याच्या विहिरीचेच पाणी ओढत असते. पाण्याचा जोर हा कुण्या एका घराचा नसतो. तो उंचीतून मिळतो, साठ्यावर टिकतो आणि वाटून घेतला तरच सगळ्यांना पुरतो.

शेवटी एक छोटे काम सुचवतो. अनंत चतुर्दशीच्या सुमारास पावसाळा संपत येतो आणि विहीर वर्षातली सर्वांत भरलेली असते. बाप्पांना निरोप दिल्यावर ज्यांची गावाकडे विहीर आहे त्यांनी दोरीला दगड बांधून कठड्यापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजावे आणि भिंतीवर तारखेसह लिहून ठेवावे. हेच माप पुन्हा अक्षय्य तृतीयेला घ्यावे. दोन आकड्यांतला फरक म्हणजे या मधल्या काळात विहिरीचे पाणी किती खाली गेले याचा हिशेब. दरवर्षी हे दोन आकडे लिहिणाऱ्या घराला केवढी मोटर बसवायची आणि पाणी कुठे साठवायचे, हे कोणाला विचारावे लागत नाही. मुलांना सुट्टीत हे मोजायला लावावे. त्यांच्या पणजोबांनी बांधलेल्या विहिरीशी त्यांची ओळखही होईल, आणि पुढच्या वर्षीच्या कलशात तिचेच ताजे पाणी असेल.

गणपती बाप्पा मोरया!